सखारामकाकांनी न पुसलेलं उत्तर

मी एक जुना रेकॉर्डर आहे, मित्रांनो. काडेपेटीहून थोडा मोठा, पाठीवर चरे पडलेला. क्षिप्राने मला ठाण्याच्या एका दुकानातून घेतलं, तेव्हा ती डोंबिवलीत राहून पीएचडी करत होती. देशाचं परराष्ट्र धोरण ठरताना गुप्तवार्ता विभागाचं किती ऐकलं जातं, हा तिच्या प्रबंधाचा विषय. सरकारी कागद मिळत नसत, म्हणून ती निवृत्त अधिकाऱ्यांना भेटे. बरेचजण मला टेबलावर पाहूनच गप्प होत.

कोलशेतचे सखारामकाका मात्र बोलले. त्यांनी दिल्लीत अशा विभागात तीस वर्षं अहवाल लिहिले होते. तिसऱ्या भेटीत क्षिप्राने विचारलं, "काका, तुमचा इशारा वर कोणी ऐकलाच नाही, असं कधी झालं?"

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"ऐकला नाही असं सगळेच सांगतात. मी तर तो दिलाच नाही. शेजारच्या एका देशातलं सरकार पडणार, हे मला दिसत होतं. पण वरच्यांना ते सरकार टिकायला हवं होतं. म्हणून मी लिहिलं, 'पडण्याची शक्यता कमी.' आठवड्यात पडलं. आपले कामगार तिथे अडकले. दोघे परत आलेच नाहीत."

तेवढ्यात माझा लाल दिवा त्यांना दिसला. ते दचकले. "अगं, हे पूस. आमच्या जयालासुद्धा माहीत नाही."

क्षिप्राच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्या उत्तरावर उभं राहणार होतं. तरी तिने मला उचलून काकांच्या हातात दिलं.

"हे बटण दाबलं की जातं. तुम्हीच दाबा, काका. मी काही लिहिणार नाही."

काकांचा अंगठा बटणावर टेकला. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून बायकोला हाक मारली, "जया, जरा ये गं. बस इथे." आणि त्यांनी मला ते बोलणं पुन्हा वाजवायला लावलं.

जयाकाकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. "इतकी वर्षं एकट्यानेच वागवलंत होय?" एवढंच त्या म्हणाल्या.

काकांनी मला क्षिप्राला परत केलं. "राहू दे. पण 'एक अधिकारी' असं लिहू नकोस. माझं नाव लिही."

प्रबंध पुरा झाला. आता क्षिप्रा फोनवरच मुलाखती घेते आणि मी खणात पडून असतो. सेल आतच राहिले, ते गळून माझ्या तारा गंजल्या.

मित्रांनो, यंत्र बाजूला ठेवताना त्याचे सेल काढून ठेवा. आणि कोणाचं बोलणं टिपणार असाल, तर आधी त्याला पुसायचं बटण दाखवा. मी शेकडो तास माणसं ऐकली. पुसायला सांगून, ते बटण हातात आल्यावरही न दाबणारा मला एकच भेटला.