महाराजांची नळी आणि दादाचं कोरल

रविवारी सकाळी दहा वाजता दादाच्या हॉलमध्ये पस्तीस-चाळीस माणसं दाटीवाटीने बसली होती. कुणी सोफ्याच्या हातांवर, कुणी खिडकीच्या कट्ट्यावर, एक गृहस्थ तर चपलांच्या स्टँडवर. सगळ्यांचे डोळे भिंतीलगतच्या काचेच्या टाकीकडे लागले होते. टाकीत खारं पाणी, दोन नारिंगी मासे आणि मधोमध दादाचं लाडकं कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ. महिन्याभरापूर्वी ते आक्रसून पांढुरक्या खड्यासारखं झालं होतं. आज त्याचे हिरवे, गुबगुबीत दोरे पाण्यात मजेत डुलत होते.

"दगडाला पालवी फुटली हो!" खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर हात जोडून म्हणाले.

"पालवी नव्हे, प्राण," उंच खुर्चीवरून प्रवाळमहाराजांनी त्यांना सुधारलं. "प्राण परतलेत."

मग महाराजांनी झोळीतून लाल मखमलीत गुंडाळलेली वीतभर नळी काढली. टाकीत बोट बुडवलं, त्या बोटाचा एक थेंब नळीच्या तिरक्या टोकावर ठेवला, वर छोटं झाकण टेकवलं आणि नळी डोळ्याला लावून खिडकीकडे पाहिलं. हॉलमधल्या माना पुढे झाल्या.

"आभामंडळ शुद्ध आहे," महाराज म्हणाले. टाळ्या!

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून गालातल्या गालात हसत होतो. मी फक्त हसत राहिलो, आणि ते महागात पडलं आईला.

आधी काय घडलं होतं ते सांगतो. दादा आर्किटेक्ट. भिंत दोन मिलिमीटर सरकली तरी गवंड्याला पाडायला लावणारा माणूस. कोरल आक्रसायला लागलं तेव्हा त्याने त्याच शिस्तीत शोध सुरू केला. दिव्याचे तास कमी केले, मग वाढवले. पंपाचं तोंड डावीकडे वळवलं, मग उजवीकडे. दुकानातून तऱ्हेतऱ्हेच्या बाटल्या आणून थेंबथेंब ओतल्या. टाकीत टांगलेला प्लास्टिकचा खारटपणामापक तर रोज "उत्तम" दाखवत होता. कोरल मात्र मरत चाललं होतं, आणि दादाचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

तेव्हा वहिनीच्या योगवर्गातल्या कुणीतरी प्रवाळमहाराजांचं नाव सुचवलं. महाराज आले, नळीतून बघितलं आणि बराच वेळ डोळे मिटून बसले.

"या घरातला कडवटपणा पाण्यात उतरलाय," ते म्हणाले. "रोज दोन कळशा दोषी पाणी काढून फेका आणि टाकी आमच्या सिद्धजलाने काठापर्यंत भरा. तुमचं मीठ, तुमच्या बाटल्या, सगळं बंद. एकवीस दिवस."

सिद्धजलाचे कॅन टेम्पोने येऊ लागले. आठव्या दिवशी कोरलचं एक टोक बाहेर डोकावलं. पंधराव्या दिवशी अर्धं फुललं. विसाव्या दिवशी वहिनी टाकीसमोर बसून रडली. मापं घेणाऱ्या दादाने मापं घेणं सोडलं.

आई हे सगळं बघत होती. तिला बारा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू. त्या रविवारी गर्दीतून वाट काढत ती पुढे गेली आणि विचारलं, "महाराज, दगडात जीव आणलात. माझं काही?"

"माउली, गोळ्या म्हणजे रसायनं. रसायनं बंद, सिद्धजल सुरू. रोज उपाशीपोटी तीन पेले."

गर्दीच्या गोंगाटात दारात उभ्या मला हे ऐकू आलं नव्हतं; आईने नंतर सांगितलं, हॉस्पिटलात. कारण बरोबर बारा दिवसांनी, सकाळचा चहा घेताना तिच्या डाव्या हातातून कप गळून पडला आणि "फुटला" हा शब्द तिच्या तोंडात अडकला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत छोटी गुठळी आहे, वेळेवर आणलंत. गोळी कधी बंद केली, असंही त्यांनी विचारलं. तेव्हा आईनेच अडखळत बारा दिवसांचा हिशेब सांगितला.

पुढच्या रविवारी महाराज पुन्हा हजर! गर्दी दुप्पट. आईचं त्यांच्या कानावर गेलेलं होतंच.

"जल सिद्ध होतं," ते शांतपणे म्हणाले. "श्रद्धा कमी पडली."

माझी बायको त्या दिवशी माझ्याबरोबर आली होती. ती रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. महाराजांनी नळी डोळ्याला लावली, तशी ती माझ्या कानाशी पुटपुटली, "अरे, हे तर आमच्याकडे आहे." आणि उठून सरळ पुढे गेली.

"महाराज, मलाही आभा दाखवा ना."

"सामान्य डोळ्यांना ते तेज सोसत नाही, बाई."

"माझे डोळे दिवसभर लघवी बघतात. त्यांना काहीही सोसतं."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. पोस्टमास्तर भाबडेपणाने म्हणाले, "दाखवा की महाराज, दर्शनच मागतायत." महाराज नकाराचे शब्द जुळवेपर्यंत बायकोने नळी उचलली आणि मखमल सोडली. आतून काळ्या रबराची मूठ असलेली धातूची नळी निघाली. तिने ती डोळ्याला लावली.

"वर निळं, खाली पांढरं, आणि कडेला आकडे! मधली रेघ पस्तीसवर आहे. घ्या काका, बघा."

पोस्टमास्तरांनी बघितलं. "अहो, आभामंडळाला पट्टी आहे! थर्मामीटरसारखी!"

नळी हातोहात फिरली. बायकोने काच पुसून नळाच्या पाण्याचा थेंब टाकला. रेघ शून्यावर. मग बाथरूममधली बादली मागवली, जिच्यात दादाने कालवलेलं जुनं मिठाचं पाणी तसंच पडून होतं. रेघ पुन्हा पस्तीसवर.

"ही खारटपणा मोजायची नळी आहे," ती म्हणाली. "समुद्राचं पाणी साधारण पस्तीस दाखवतं. याच जातीच्या नळीने आम्ही लघवी किती घट्ट आहे ते बघतो. दादा, टाकीतलं पाणी उडून कमी झालं की तुम्ही काय घालत होतात?"

"हेच, बादलीतलं. मीठ कालवलेलं."

"पाणी उडतं, मीठ उडत नाही. ते मागेच राहतं. तुम्ही वरून आणखी मीठ घालत गेलात. कोरलचं लोणचं घालत होतात तुम्ही!"

"पण माझा मापक बरोबर दाखवत होता."

तिने तो मापक नळाच्या पाण्यात बुडवला. काटा "उत्तम"वरून हलला नाही. नखाने खरवडल्यावर सांध्यातून पांढरा क्षार निघाला. काटा महिनोन्‌महिने जागीच चिकटला होता. दादाने मान खाली घातली.

"म्हणजे महाराजांचं पाणी लागू पडलं ते खरंच ना?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"लागू पडलंच. खारट पाणी काढलं, बिनमिठाचं घातलं. तुमच्या घरच्या फिल्टरचं घातलं असतं तरी हेच झालं असतं. आई हे पीत होत्या म्हणून काल मी कॅनमधलं पाणी प्रयोगशाळेत तपासलं, पिण्याचं साधं पाणी आहे. यांनी पहिल्याच दिवशी नळीत आकडा बघितला होता. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण मग झोळी कोण भरणार?"

महाराज उभे राहिले. "विज्ञान जिथे संपतं, तिथे आमचा मार्ग सुरू होतो."

"तो दाराकडे जातो," दादा म्हणाला. "माझी आई हॉस्पिटलात आहे."

दार उघडायला पोस्टमास्तर स्वतः उठले. नंतर दादाबरोबर पोलीस चौकीत तक्रार द्यायलाही तेच गेले. चौकशीत कळलं की महाराज पूर्वी शोभेच्या माशांच्या दुकानात विक्रेते होते. काम चोख करायचे म्हणे. तेच करत राहिले असते तर कोरलंही वाचली असती, आणि माणसंही.

आई घरी आली. बोलणं सुधारलं, पण ब्लाऊजची बटणं अजून वहिनी लावून देते. परवा ती म्हणाली, "मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं रे, फुललेलं." तिने बघितलं ते खरंच होतं. फुललं कशाने, एवढंच तिने विचारलं नाही, आणि ज्याला विचारणं जमलं असतं तो मी हसत उभा होतो.

म्हणून सांगतो. एखादी गोष्ट सुधारली, तर ती कशाने सुधारली हे मोठ्याने विचारा, चारचौघांत विचारा. ज्याला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्या हातचं पाणी माशालाही घालू नका. आणि आपल्या माणसाची गोळी त्याच्या शब्दावर एक दिवससुद्धा चुकवू नका.