‘काजळपंख’वरचा तिसरा अभिप्राय

खुशबू घर सोडून गेली त्याला सहा आठवडे झाले, आणि तेवढ्यात गावानं गुन्हेगार शोधूनही काढला. माणूस नव्हे हो, पुस्तक! ‘काजळपंख’ नावाची तीनशे बारा पानांची कादंबरी. मुखपृष्ठावर काळ्या पंखांचा राजकुमार आणि त्याच्या गळ्यात पडलेली सतरा वर्षांची ओवी. खुशबूनं ती गावच्या वाचनालयातून दोनदा नेली होती, हे रजिस्टरात सापडलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. ज्याच्यासोबत ती गेली, त्या संघदीपला काय बोलणार? पोरगा तिरोड्याच्या वीज प्रकल्पात ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन, सुपारीचंही व्यसन नाही. त्याच्यावर बोट ठेवायचं तर जातीचंच बोलावं लागतं, आणि ते आता चारचौघांत बोलायची सोय राहिली नाही. मग काय, वड्याचं तेल वांग्यावर.

पण वाचनालयाचा एक नियम आडवा आला. पुस्तक काढून टाकायचं असेल तर ज्यांनी ते आपल्या नावावर नेलंय, अशा तीन वाचकांचे विरोधी अभिप्राय वहीत पाहिजेत, आणि ते सभेत मोठ्यानं वाचून दाखवले पाहिजेत. कोण्या शहाण्यानं हा नियम कधी केला देव जाणे. अध्यक्ष दुर्गाप्रसादभाऊंनी सोमवारी दहा वाजता पुस्तक नेलं, दहा वाजून दहा मिनिटांनी परत केलं आणि अभिप्राय लिहिला. दुसरा खुशबूच्या बापानं, टेकचंदनं. तिसरा कोणाचा, यावर थोडी कुजबुज झाली.

“पोरीच्या मायचाच घ्या ना,” दुर्गाप्रसादभाऊ म्हणाले. “वजन पडते.”

त्यांनी पुस्तक स्वतः आणून अन्नपूर्णाच्या हातात दिलं. “वाचाची काही गरज नाही वहिनी. नावावर चढलं म्हणजे झालं. येत्या रविवारी सभेत दोन ओळी लिहून द्या.”

अन्नपूर्णा सातवी शिकलेली. वर्तमानपत्र पुडी सोडतानाच काय ते वाचणारी. पण तिनं पुस्तक वाचायला घेतलं, आणि त्याचं कारण तिचं तिलाच माहीत होतं. पुस्तकानंच पोरगी नेली असं निघालं तर तिच्या छातीवरचा धोंडा उतरणार होता.

कारण खुशबू न सांगता गेली नव्हती. पहाटे पाचला अन्नपूर्णा चुलीपाशी होती, तेव्हा पोरगी खांद्याला बॅग लावून समोर उभी राहिली. “माय, मी चालली. संघदीपसोबत. सहाच्या गाडीनं. तुले सांगतल्याशिवाय पाय निघून नाही राहिला.” अन्नपूर्णा ना रडली, ना ओरडली. पोरगी एकोणीस वर्षांची, पोरगा चांगला, आणि बापाचा स्वभाव दोघींना पाठ. तिनं तव्यावरच्या दोन पोळ्या काढून दिल्या. पोरीनं उभ्या उभ्या खाल्ल्या आणि गेली.

सकाळी टेकचंदनं विचारलं, “तुले माहीत होतं का?”

“मले काय माहीत?” अन्नपूर्णा म्हणाली.

“ज्याले माहीत होतं अन् ज्यानं लपवलं, त्याचं माह्या घरातलं अन्नपाणी तुटलं.” हे तो अंगणात उभा राहून, चार शेजाऱ्यांसमोर बोलला. टेकचंद एकदा बोलला की मागं फिरत नाही, हे साऱ्या गावाला माहीत. तेव्हापासून अन्नपूर्णा मूग गिळून बसली होती, आणि गिळलेले मूग काही पचत नव्हते.

धानाची कापणी चालू होती. दिवसभर शेताच्या बांधीत वाकून कंबरेचा काटा ढिला व्हायचा. दुपारी जेवण झालं की बाकीच्या बाया धुऱ्यावर, बांधाच्या सावलीत आडव्या व्हायच्या आणि ही बोट ठेवून ठेवून वाचायची. डोळे मिटायचे, ओळ हरवायची, पुन्हा वरून सुरू. बाया हसल्या. “अवं अन्नपूर्णा, या वयात राजकुमार पाहून राहिली का?”

“पाहून राहिली. पण निरा बिनकामाचा हाय वं,” ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. शंभर पानं झाली तरी त्या राजकुमाराला एकदाही भूक लागली नाही. वाऱ्यावर जगतो की काय हा माणूस! ओवी तीन वेळा रडली, दोनदा बेशुद्ध पडली, पण घरातलं एक भांडं तिनं घासलं नाही. ढगांचं राज्य, शाप, चांदण्याची तलवार. अन्नपूर्णाला पुस्तकाचा राग येईना आणि गोडीही लागेना, नुसता थकवा आला. ती मनातून शोधत होती ओवीच्या मायला. ती माय साऱ्या पुस्तकात मिळून चार पानं होती. ओवी खिडकीतून उडून जाते तेव्हा ती दुसऱ्या खोलीत झोपलेली. सकाळी उठून तिनं काय केलं? कोणाला काय सांगितलं? अन्नपूर्णानं पुढची दोनशे पानं त्यासाठी वाचली. लिहिणाऱ्यानं तिचं पुढं नावच घेतलं नाही. “बापा! मेली का जिवंत हाय, एवढं तं लिवाव,” ती एकटीच म्हणाली.

रविवारी चारला सभा भरली. टेबल, सहा खुर्च्या, ग्रंथपाल निर्मलाबाई, दुर्गाप्रसादभाऊ, समितीचे दोघं आणि भिंतीला टेकून टेकचंद. निर्मलाबाईंनी वही उघडून अन्नपूर्णापुढं सरकवली. बाईंचा चेहरा उतरलेला होता. वाचनालयात वाचून वाचून एवढी झिजलेली प्रत दुसरी नव्हती, आणि हे त्यांनी दोनदा सांगून पाहिलं होतं.

शेवटचे दोन अभिप्राय समोरच होते. “सदर पुस्तक तरुण पिढीस घातक असून समाजाची घडी विस्कटणारे आहे. दुर्गाप्रसाद.” त्याखाली टेकचंदचं वाकडं अक्षर, “वरीलप्रमाणे.”

“तुम्हीही तेच लिहा, वहिनी. सोपं जाते,” दुर्गाप्रसादभाऊ म्हणाले.

अन्नपूर्णानं एक पान मागं उलटलं. उगाच, लिहायचं लांबवायला. तिथं पोरींचे अभिप्राय होते. “राजकुमार एकदम भारी. दुसरा भाग कधी आणणार?” “शेवट घाईत उरकला.” “पान ८७ कोणी फाडलं? ज्यानं फाडलं त्यानं आणून द्यावं, विनंती.” आणि त्याखाली ऑगस्टची तारीख घालून, ओळखीच्या गोल अक्षरात:

“राजकुमार ठीक आहे. पण ओवी आईला न सांगता जाते, ते मला अजिबात पटलं नाही. आई रडली असती, तिनं मारलं असतं, तरी चाललं असतं. लेखकाला आई लिहायचा कंटाळा आला असावा. पाचपैकी दोन तारे. खुशबू टेकचंद रहांगडाले, बी.ए. दुसरे वर्ष.”

पुस्तकाला नावं ठेवणाऱ्या दोघांनी हे पान उलटून पाहिलंच नव्हतं. अन्नपूर्णानं ते दोनदा वाचलं. पोरीवर सारं गाव बोलत होतं की ती चोरासारखी पळाली, मायबापाला विचारलं नाही. आणि हे खोटं आहे असं सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं, ते आजवर धानाच्या बांधीत मान खाली घालून बसलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. मग तिनं पेन उचललं आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहिलं. वही दुर्गाप्रसादभाऊंकडे दिली.

नियमाप्रमाणे ते मोठ्यानं वाचू लागले. “मी हे पुस्तक पूर्ण वाचले. यात माझ्या मुलीला बिघडवणारे काही नाही. ती पुस्तकामुळे गेली नाही. ती मला सांगून गेली. मी तिला...” इथं त्यांना आपण काय वाचतो आहोत ते कळलं आणि ते थांबले.

“वाचा पुढं,” टेकचंद म्हणाला.

“मी तिला जेवू घातले आणि जाऊ दिले. अन्नपूर्णा टेकचंद रहांगडाले.”

निर्मलाबाईंनी वही हळूच आपल्याकडे ओढून मिटली. टेकचंद भिंतीपासून सुटून टेबलाशी आला. अन्नपूर्णाला वाटलं, आता तो तेच अंगणातलं वाक्य बोलणार. जायचं कुठं, हे तिनं ठरवलं नव्हतं. पण भीती वाटायलाही अंगात बळ लागतं, ते तिच्यात उरलं नव्हतं.

“तुले सांगतलं,” टेकचंद म्हणाला. आवाज त्याचा वाटेना. “अन् मले काऊन नाही सांगतलं तिनं?”

ही एक गोष्ट अन्नपूर्णानं इतके दिवस स्वतःलाही धड सांगितली नव्हती.

“आली होती ना तुमच्या खाटेपाशी. पोळी खाऊन तुमच्याचकडे गेली. तुम्ही झोपून होते. उठवू का म्हणे बाबूजीले. मीच हातानं खुणावलं, नको उठवू.”

टेकचंदनं खुर्चीची पाठ धरली.

“किती वेळ उभी होती?”

“लय वेळ,” अन्नपूर्णा म्हणाली. “मले वाटलं, गाडी चुकते आता तिची.”