चौथा फटका

बापाच्या पश्चात सायकल दुरुस्तीचं दुकान थोरलीनेच सांभाळलं. हात कायम ग्रीसने काळे, मनगटं लोहारासारखी आणि तोंड फटकळ. गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की म्हणायची, "राहू द्या मग चाक वाकडं. नाचत नाचत जाल घरी."

धाकटी तिच्या अगदी उलट, मऊ स्वभावाची. लग्नानंतरच्या पाच वर्षांत धाकटीचे दोन दात गेले, एक बरगडी मोडली, डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. दर वेळी ती म्हणायची, "पडले." त्या दिवशी सकाळी ती एक डोळा पार मिटलेल्या अवस्थेत दुकानात आली, टायरांच्या चळतीवर बसली आणि म्हणाली, "ताई, मी पडले नाही."

अकराच्या सुमाराला तिचा नवरा आला.

"ताई, तुम्ही मध्ये पडू नका. हा आमच्या घरातला मामला आहे."

"घर तिकडे. हे माझं दुकान आहे," थोरली म्हणाली.

त्याने तिला असा धक्का दिला की ती सुट्या भागांच्या फळीवर जाऊन आदळली आणि बेअरिंगचे छर्रे खळखळत जमिनीवर सांडले. ती सावरेपर्यंत त्याने धाकटीचे केस मुठीत धरून तिचं तोंड कामाच्या लोखंडी टेबलावर दोनदा आपटलं होतं. मग खुंटीवरची जुनी ट्यूब ओढून त्याने तिचा गळा आवळला. धाकटीच्या टाचा तेलकट फरशीवर घासत होत्या. ओरडणं केव्हाच बंद झालं होतं.

थोरलीच्या हाताला सगळ्यात मोठा पाना लागला. पहिला फटका तिने त्याच्या खांद्यावर घातला. तो हललासुद्धा नाही. दुसरा कोपरावर बसला, हाड कडकन वाजलं आणि ट्यूब सुटली. तो वळला. टेबलावरचा पेचकस उचलून त्याने तिच्या पोटाचा नेम धरला. तिने हात आडवा घातला आणि पेचकस कोपराखाली आरपार गेला. तिसरा फटका तिने त्याच्या डोक्यात घातला.

तो गुडघ्यांवर आला आणि मग पालथा पडला. पेचकस तिच्याच हातात रुतलेला होता. त्याची बोटं तेवढी उघडमीट करत होती. पलीकडे धाकटी रक्ताची गुळणी टाकत जमिनीवर चाचपडत होती. तिसरा दात शोधत होती. ते थोरलीने पाहिलं आणि पडलेल्या माणसाच्या डोक्यावर मागून आणखी एक फटका मारला.

समोरच्या बेकरीवाल्याने पोलिसांना बोलावलं. ती पळाली नाही. फौजदार आला तेव्हा मांडीवर पाना घेऊन तिथेच बसली होती.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तो मेला आणि जबर मारहाणीचा गुन्हा खुनाचा झाला.

सरकारने दिलेला वकील म्हातारा होता, दम्याने बेजार. तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत त्याने आधी धाप आवरली आणि मग विचारलं, "बाई, प्रत्येक फटक्याच्या वेळी त्याचे हात कुठे होते?"

तिने सगळं सांगितलं. चौथ्यापाशी अडखळली, पण तेही सांगितलं.

"कायदा तुम्हाला बहिणीचा आणि स्वतःचा जीव वाचवायची मुभा देतो," वकील म्हणाला. "त्यासाठी समोरच्याचा जीव गेला तरीही. पण धोका टळला की ती मुभा संपते. तीन फटक्यांचं उत्तर माझ्याकडे आहे. चौथ्याचं नाही."

"मग तो मारलाच नाही म्हणू?"

"खोटं बोला असं मी सांगणार नाही. गप्प बसायचा हक्क तुम्हाला आहे. गुन्हा सिद्ध करणं हे त्यांचं काम, तुमचं नव्हे."

धाकटी आठवड्याने भेटायला आली, तिने मात्र स्वतःच ठरवून टाकलं होतं. "ताई, मी तीनच सांगणार. पडताना त्याचं डोकं टेबलाला लागलं म्हणेन. तिथे आपण दोघीच होतो. कोणाला कळतंय?"

 थोरलीने नको म्हटलं नाही.

चौदा महिन्यांनी साक्ष झाली. धाकटी पिंजऱ्यात उभी राहून ट्यूबबद्दल, टेबलाबद्दल नीट बोलली. मग म्हणाली, "फटके तीन." विरुद्ध बाजूच्या सरकारी वकिलाने शवविच्छेदनाचा अहवाल उचलला. खांदा, कोपर, कानशील आणि डोक्याची मागची बाजू. शेवटच्या जखमेवर पान्याच्या तोंडाचा ठसा होता. टेबलाने असा ठसा उमटत नाही.

"म्हणजे तुम्ही शपथेवर खोटं बोललात?"

धाकटीने मान खाली घातली.

"आणि ट्यूबचं? तेही असंच ठरवून आलात? गळ्यावरचे वळ आदल्या दिवशीचेही असू शकतात, नाही का?"

"नाही हो, त्याने खरंच..." तिचा आवाज फुटेना. पाच वर्षं सोसलेलं तिच्याच तोंडून खोटं ठरायला लागलं होतं. आरोपीच्या बाकावर थोरलीला वाटलं, हिचा गळा आज पुन्हा आवळला जातोय आणि या वेळी आपणच नुसतं बघतोय.

म्हणून न्यायाधीशबाईंनी जेव्हा तिला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" तेव्हा ती वकिलाकडे न बघताच उठली.

"बहीण ट्यूबबद्दल बोलली ते खरं आहे. फटक्यांबद्दल बोलली ते खोटं, आणि ते माझ्यासाठी. मी चार मारले. तीन मारले नसते तर आम्ही दोघी मेलो असतो. चौथ्या वेळी तो पडलेला होता, हातात काही नव्हतं. मला राग आला होता."

वकिलाने डोळे मिटून घेतले. नंतर तो म्हणाला, "माझं काम अवघड केलंत." आणि मग, "पण आता बहिणीवर विश्वास ठेवतील."

तसंच झालं. जीव तिसऱ्या फटक्याने गेला की चौथ्याने, हे डॉक्टरला सांगता आलं नव्हतं. न्यायाधीशबाईंनी निकाल वाचला: पहिले तीन फटके बचावाचे, चौथा बचावाच्या पलीकडचा, पण ठरवून केलेला खून नव्हे. शिक्षा चार वर्षं, त्यातून आत काढलेले महिने वजा.

बाहेर व्हरांड्यात धाकटी तिच्यावर उखडली. "गप्प बसली असतीस तर आज घरी आली असतीस. कोणी सांगितलं होतं तुला?" बोलता बोलता तिने बहिणीचा बेडी घातलेला हात घट्ट धरला. कॉन्स्टेबल जरा लांब जाऊन उभी राहिली.

भिंतीशी मेलेल्याची आई बसली होती. प्रत्येक तारखेला ती यायची, कोणाशी बोलायची नाही. आज ती उठून थोरलीसमोर आली.

"माझ्यावरही हात उचलायचा तो," म्हातारी म्हणाली. "सुनेलाच काय, मलाही सोडलं नाही त्याने. सगळं ठाऊक आहे मला." तिने थोरलीच्या बेडीकडे पाहिलं. "पण तो पडलेला होता ना गं."

 थोरलीने फक्त मान हलवली, हो म्हणून. म्हातारी अजून काही ऐकायला मिळेल म्हणून थोडी थांबली. मग भिंतीचा आधार घेत जिन्याकडे निघाली. पायऱ्या उंच होत्या. दोन पायऱ्यांवर ती अडली तेव्हा धाकटीने ताईचा हात सोडला, जाऊन सासूचं कोपर धरलं आणि दोघी सावकाश खाली उतरत गेल्या.