क्लबचा पलंग

आसेगावात गाद्या भरून देणाऱ्या सादिकला लकवा मारला, तेव्हा मंगरूळपीरच्या सेवा क्लबने दवाखान्यात असतो तसा पलंग घरपोच दिला. फुकट, गरज संपली की परत करायच्या बोलीवर. बाजूचा दांडा फिरवला की उशाकडचा भाग वर यायचा आणि सादिकला बसून चार घास खाता यायचे. त्याची बायको अमीनाबी क्लबवाल्यांना दुवा देत राहिली.

पण मग क्लबचा गोपीचंद दर आठवड्याला येऊ लागला. त्याचं मंगरूळपिरात भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक सोडून हा माणूस इतक्या लांब येई, "भाभी, तब्येत कशी हाय?" विचारी, आणि उत्तर ऐकताना त्याची नजर सादिकवर नसेच. ती पलंगाखाली फिरत असे.

शेजारच्या सोजरबाईने खुलासा केला. "अवं, पलंग एक अन् मांगणारे दहा. पुढचा पेशंट ठरला असंन. हा पाहून जाते, किती दिवस राह्यले ते."

अमीनाबीला ते पटलं. तेव्हापासून गोपीचंदची गाडी वाजली की ती नवऱ्याला घाईघाईने बसतं करी, तोंडाला तेल चोळी. "आता तं भाकर खाऊन राह्यले हे," ठणकावून सांगे.

"दांडा जास्त फिरवू नका, भाभी," तो एकदा म्हणाला. पुढच्यासाठी जपून ठेवतोय मेला, तिच्या मनात आलं.

मग एका दुपारी, कधी न मागणाऱ्या गोपीचंदने चहा मागितला. अमीनाबी आत गेली, दूध ठेवलं आणि पाय न वाजवता परत आली. गोपीचंद पलंगाखाली उताणा, हातात पाना. वर सादिक डोळे फाडून बघतोय.

"जिता माणूस वर हाय अन् तुमी पलंग खोलून राह्यले?"

तो धडपडत बाहेर आला. शर्ट धुळीने भरलेला. "खोलत नाही, भाभी. कसून राह्यलो." त्याने पान्यानेच दांड्याखालचा नट दाखवला. "शिरपूरले हाच पलंग होता. दांड्याचा नट सरकला अन् बुढा खाली आदळला. हात मोडला त्याचा. दुरुस्त केला आमी, पण आज नट पुन्हा ढिला दिसला."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"क्लबात बोललो मी. ते म्हणे, बोभाटा झाला तं लोकं कोनतीच वस्तू नेनार नाहीत. मंग मीच येत गेलो."

अमीनाबीला आधी सुटल्यासारखं झालं, आणि लगेच अंगाचा तिळपापड झाला. रोज दोन वेळा तिने आपल्याच हाताने दांडा फिरवून नवऱ्याला त्यावर बसवलं होतं.

"उतरवा त्याईले," ती म्हणाली.

दोघांनी मिळून सादिकला खालच्या गादीवर घेतलं. तिने चौकातल्या अल्ताफला वेल्डिंगच्या मशीनसह बोलावलं. उशाकडचा भाग अर्धा उचललेल्या अवस्थेत कायमचा पक्का झाला. वेल्डिंग होईपर्यंत ती तिथून हलली नाही. दूध केव्हाच उतू गेलं होतं.

पुढच्या आठवड्यात गोपीचंद पुन्हा आला. अमीनाबीने खुर्ची दिली, चहा दिला.

"त्या शिरपूरच्या बुढ्याचा हात जुळला का?"

"जुळला," तो म्हणाला. "पण वाकडा."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, मग त्याच्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं.