एक टोला

युरे गावातल्या खानावळीत ऑरिनकाकांच्या कोपराचा धक्का लागून कॉफीचा मग पडला, तेव्हा कोराला काही वाटलं नाही. म्हातारा हात, लागायचाच. पण गाव मागे टाकून घाटाला लागल्यावर तिसऱ्याच वळणावर गाडीचा उजवा आरसा कडेच्या खांबाला खाडकन घासला आणि काकांनी विचारलं, "काय वाजलं गं?"

"काका, उजव्या डोळ्यानं दिसतंय ना तुम्हाला?"

"तिकडे बघायचंय काय? दरीच तर आहे."

स्टीअरिंग डावीकडे, काकांच्या हातात होतं; दरी उजवीकडे, कोराच्या खिडकीखालीच होती. या घाटाला कठडा नाही. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ लोटायला कड मोकळी लागते. ऑक्टोबर अर्धाही सरला नव्हता, पण भर दुपारी बर्फाची भुरभुर सुरू झाली होती. तिच्या मांडीवर बाबांचा खाणीतला जेवणाचा डबा होता. पत्र्याचा, एका अंगाला पोचा आलेला, कडीत चमचा अडकवलेला. त्यात आता बाबांची रक्षा होती. घाटापलीकडे सिल्व्हर्टनला, आईच्या शेजारी ती पुरायची होती.

"मी चालवते ना."

"तू? डेन्व्हरच्या सपाट रस्त्यांवरची राणी? अगं, एकोणतीस वर्षं तुझ्या बाबाला, मेरिलला, मी खाणीत खाली सोडलं आणि मीच वर आणलं. कधी खरचटलं नाही त्याला. आता शेवटच्या खेपेला तुझ्या हाती देऊ होय?"

काका खाणीच्या तोंडाशी बसून माणसं खाली-वर नेणारा पिंजरा चालवायचे. खालची माणसं त्यांना दिसत नसत. वर यायचे ते फक्त घंटेचे टोले. पिंजरा चालू असताना एक टोला म्हणजे थांब. तीन म्हणजे आत माणसं आहेत, जपून. लहानपणी बाबा जेवताना मुद्दाम ताटलीवर चमच्याने एक टोला द्यायचे आणि काकांचा घास तोंडाशी थबकायचा. आई हसून बेजार व्हायची.

"तो बघ आमच्या खाणीचा मनोरा," काका डावीकडे मान वळवून म्हणाले. "अजून उभा आहे लेकाचा."

गाडी उजवीकडे सरकू लागली.

"काका, रस्ता."

"जन्म गेला माझा या रस्त्यावर," म्हणत ते आता तिच्याकडे वळले. उजव्या चाकाखालचा आवाज बदलला. डांबर संपून खडी लागली होती.

आणखी बोलावं तर ते आणखी वळणार. कोराने चमचा ओढला आणि डब्यावर हाणला. एकदाच.

काकांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली. एक दगड सुटून खाली गेला. तळाशी पोचल्याचा आवाज काही आला नाही. तिच्या खिडकीतून देवदारांचे फक्त शेंडे दिसत होते.

काचेवरचे वायपर तेवढे हलत होते. काका डब्याकडे बघत राहिले.

"मे महिन्यापासून उजव्यानं दिसत नाही," ते म्हणाले. "मेरिलला माहीत होतं."

"मला बाबांनी सांगितलं नाही."

"मी शपथ घातली होती. चावी टाक म्हणून रोज भांडायचा."

ते डबा घेऊन डाव्या दाराने उतरले आणि डोंगराच्या अंगाला जाऊन उभे राहिले. कोरा सरकून स्टीअरिंगमागे आली. तिने गाडी वीत वीत मागे घेतली. चारही चाकं डांबरावर आली, तेव्हा कुठे तिने हँडब्रेक ओढला.

काका तिच्या जागेवर येऊन बसले. टोपीवरचा बर्फ झटकला, डबा मांडीवर नीट घेतला. तिला वाटलं, आता गिअरवरून टोमणा येणार. त्यांनी चमच्याने डब्यावर सावकाश तीन टोले दिले.

कोराने पहिला गिअर टाकला.