शुद्ध पाण्यातली साखळी

विज्ञानाच्या इतिहासाला आज दुपारी नवं वळण मिळणार होतं. त्याआधी ताईंना खुर्ची उचलून बाहेर ठेवावी लागली, कारण खुर्ची आत असली की प्रयोगशाळेचं दार लागत नसे. खोली पूर्वी झाडूंची होती. झाडूंना मोठी जागा मिळाली, तेव्हा ही संशोधनाला दिली.

ताई सहा वर्षं एकच गोष्ट बघत होत्या: विद्युतभार असलेली रेणूंची लांब साखळी केसाहून बारीक नळीत शिरली की काय करते. कडी न् कडी सारख्याच भाराची, त्यामुळे त्या जावा-जावांसारख्या एकमेकींपासून लांब सरकतात आणि साखळी ताठ होते. पाण्यात क्षार असले तर ते मध्यस्थी करतात, भांडण निवळतं, साखळी अंग चोरून गोळा होते. ताईंची साखळी मात्र चार महिने शुद्ध पाण्यातही गोळा होत होती. असं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आज दुपारी समितीला पटलं तर नोकरी दोन वर्षं वाढणार होती. नाही तर महिनाअखेरीस घरी.

जाता जाता एकदा खात्री म्हणून त्यांनी शुद्ध पाण्याच्या कॅनमध्ये क्षारमापक बुडवला. आकडा चढतच गेला.

"सर, या कॅनला कोणी हात लावला होता?"

विभागप्रमुख कोपऱ्यात कोटाला वाफेची इस्त्री करत होते. समितीत तेही बसणार होते.

"मीच की. नळाच्या पाण्याने इस्त्रीची भोकं बुजतात हो. पण संस्थेचा एक थेंब कमी केला नाही. जेवढं घेतलं, तेवढं नळाचं परत भरलं."

"कधीपासून?"

"झाले असतील चारेक महिने."

ताईंना रागही आला नाही. सहा वर्षांत तेवढं त्राण उरलं नव्हतं. बसावंसं वाटलं, पण खुर्ची बाहेर होती.

"म्हणजे माझा शोध तुमच्या इस्त्रीने लावला."

"अहो, बोलूच नका ना समितीत! साखळी गोळा झाली, हे तर खरं?"

"खरंय. क्षारात होतेच ती. शाळेतली पोरंही सांगतील."

समितीपुढे ताईंनी सगळं तीन मिनिटांत सांगून टाकलं. इस्त्रीचं नाव तेवढं घेतलं नाही. समितीने प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि नोकरी वाढवली नाही. सरांचा कोट फार छान दिसत होता.

संध्याकाळी ताई खोक्यात वह्या भरत होत्या. दारातून सरांचं डोकं आत आलं.

"ताई, रागावू नका. नवा कॅन कुठे ठेवलाय? उद्याही समिती आहे, आणि पॅन्ट राहिलीय."