दादाची चौकोनी पेटी

"पाय सरळ करायचेत ना?" शवागारातल्या माणसाने हातमोजे चढवत विचारलं.

धाकटीला आधी प्रश्नच कळला नाही. न्यूमोनियाने आठवडाभर दादाच्या छातीचा भाता केला होता आणि त्या दिवशी सकाळी तो भाता थांबला. आता दादा पांढऱ्या चादरीखाली कुशीवर होता. जन्मापासून त्याचे गुडघे पोटाशी ओढलेले. जीव गेला तरी ते तसूभर हलले नव्हते.

"असे शवपेटीत बसायचे नाहीत," तो माणूस म्हणाला. बोलण्यात ना दया, ना उद्धटपणा. त्याचं ते रोजचं काम. "गुडघ्यामागच्या शिरा कापाव्या लागतील. लागलंच तर थोडं हाडही. वरून पँट चढवली की काही दिसत नाही. घरच्यांनी हो म्हणा, मी कामाला लागतो."

"हो," बाकावरून आई म्हणाली. "करा सरळ. एकदा तरी माझं लेकरू पाय पसरून झोपलेलं बघू दे मला."

धाकटीला विटा आठवल्या. लहानपणी एक हाडवैद्य घरी यायचा. दादाच्या घोट्यांना विटा बांधून त्याला खाटेवर पालथा निजवायचा आणि खांदे आई दाबून धरायची. धाकटी टेबलाखाली कानात बोटं घालून बसायची, तरी दादाचं ओरडणं आत शिरायचंच. एक दिवस काडकन आवाज झाला. डावा पाय मोडला, तो पुढे आयुष्यभर ठणकत राहिला. विटा पुन्हा बांधायला घेतल्या तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, "पुरे. मला असाच राहू द्या." तेवढं म्हणून थांबला नाही, हाडवैद्याच्या मनगटाला कडकडून चावला. तो वैद्य पुन्हा फिरकला नाही. आपण फार लवकर हार मानली, असं आई तेव्हापासून म्हणत आली.

गल्लीतली पोरं दादाला 'गाठोडं' म्हणायची. मोठा झाल्यावर त्याने सायकलदुरुस्तीचं दुकान काढलं आणि पाटीवर ठसठशीत अक्षरांत रंगवून घेतलं – 'गाठोडं सायकल मार्ट'. आईने महिनाभर त्या रस्त्याने जाणं सोडलं. दुकानात सगळं जमिनीलगत. पाने, पक्कड, पंक्चरच्या पाण्याचं घमेलं, सगळं चाकांच्या फळीवर बसलेल्या दादाच्या हाताला लागेल असं. गिऱ्हाइकाला बोलायचं तर उकिडवं बसावं लागायचं. कडक इस्त्रीतले साहेबही कुरकुरत खाली बसायचे. "मी वर येत नाही साहेब, तुम्हीच खाली या," दादा म्हणायचा, "उताराला कुठे दम लागतो?" डगमगत्या चाकाचा आऊट काढून ते सरळ फिरवणारा त्याच्यासारखा आसपास कुणी नव्हता. हाताखाली तीन कारागीर होते, आणि त्यांना तो शिव्या घालायचा त्या ऐकण्यासारख्या असायच्या. सायकल शिकताना धडपडून दुकानात आलेल्या एका मुलीशी त्याने लग्नही केलं.

तीच वहिनी आता भिंतीला टेकून उभी होती. धाकटीने तिच्याकडे पाहिलं.

"मी यांना सरळ कधी पाहिलंच नाही," वहिनी पुटपुटली. "पण सासूबाईंपुढे माझं तोंड उघडत नाही हो. तुम्हीच बोला."

धाकटी आईसमोर खाली बसली. "आई, त्याने नको म्हटलं होतं."

"दहा वर्षांचा होता तो."

"मग नंतर कधी हो म्हणाला?"

"आता कुठे दुखणारे त्याला?" आईचा आवाज चिरकला. "मी जन्म दिलाय. मला एवढंही मागायचा हक्क नाही?"

धाकटीने आईचे हात हातात घेतले, ते गार पडले होते. मग ती उठली आणि त्या माणसाला म्हणाली, "हात लावायचा नाही. पेटी आम्ही आणतो."

आईने तोंड फिरवलं.

दुकानाशेजारच्या सुताराने माप ऐकून डोकं खाजवलं. "ही पेटी कसली ताई, हे तर कपाट झालं." मग जीभ चावून रंधा हातात घेतला. दादाच्या कारागिरांनी फळ्या धरल्या. संध्याकाळपर्यंत पेटी झाली, रुंद, बुटकी, चौकोनी. एखादं यंत्र पाठवायचं खोकं असावं तशी. वहिनीने आत दादाचीच गादी घातली. त्याला कुशीवर ठेवला तेव्हा तो बरोबर मावला.

दफनभूमीत खड्डा अरुंद पडला. खणणारे कातावले, पुन्हा कुदळी चालल्या, आणि तोवर पेटी चिखलात ठेवावी लागली. लांबच्या एका काकांनी "शोभतं का हे" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हटलं. आई आली होती, पण फाटकापाशीच उभी राहिली. माती लोटायलाही पुढे आली नाही.

परतताना तिने धाकटीला एकच वाक्य ऐकवलं, "माझ्या मुलाला तू मला डोळे भरून पाहू दिलं नाहीस."

त्यानंतर आई तिच्याशी बोललेली नाही. दुकान वहिनी चालवते. कारागीर आता तिच्या शिव्या खातात. धाकटी सुट्टीच्या दिवशी आईकडे जाते, तिची नखं कापते, केस विंचरते, आणि दादाच्या दुकानातले किस्से सांगत राहते. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. एकदा दादा हाडवैद्याला चावला होता ती गोष्ट निघाली, तेव्हा तिचे खांदे हलले. ती हसत होती की रडत होती, हे बघायला धाकटी पलीकडे गेली नाही. कंगवा तसाच फिरवत राहिली.